रानातल्या शिदोरीत भाकरीशेजारी काय?



आमचे बेलापूर म्हणजे नवी मुंबईतले नव्हे. प्रवरेच्या काठचे, श्रीरामपूर तालुक्यातले. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनाला बेलापूर हे नाव मिळाले ते याच गावावरून. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्याचे पाणी या भागात फिरले, ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. तेव्हापासून इथल्या रानात बारा महिने कोणी ना कोणी कामाला असतेच. ऊसतोड, कांद्याची लागण, सोयाबीनची सोंगणी, गव्हाला पाणी. आणि कामाला माणूस आला की त्याच्याबरोबर फडक्यात बांधलेली शिदोरीही आली.

खते, बियाणे आणि औषधे यांविषयी या सदरातून आपण नेहमी बोलतो. आज त्या फडक्यात काय असते ते पाहू. कोणी म्हणेल, साहेब, हे काम गृहशास्त्रवाल्या बाईंचे, तुम्ही आपली माती तपासा. पण जे पिकवायचे आणि ज्याच्या जोरावर पिकवायचे, ते दोन्ही त्या फडक्यात येते. म्हणून हा विषय शेतीचाच आहे.

रानातल्या जेवणाची अडचण वेळेची आहे. कांदा लागणीच्या टोळीचा टेम्पो सकाळी सातला गावातून निघतो. म्हणजे बाईने पाचला चूल किंवा गॅस पेटवायचा, भाकरी थापायच्या, पोरांचे आवरायचे, आणि सहा-साडेसहाला शिदोरी बांधून मोकळे व्हायचे. खायला बसायची वेळ येते एक वाजता. मध्ये सहा-सात तास गेले. मुंबईचे डबेवाले आपल्याच सह्याद्रीच्या कुशीतले, मावळ, खेड, जुन्नर, अकोले या तालुक्यांतले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली हे काम सुरू केले असे सांगतात. तिथे माणूस आधी कामावर जातो आणि डबा मागाहून निघतो. आपल्याकडे शिदोरी माणसाबरोबरच निघते, बांधावर तापते किंवा गारठते, आणि मग उघडली जाते. पूर्वी न्याहारी नेणारी म्हातारी घरी असे. ती भर अकराला पाटी डोक्यावर घेऊन रानात पोचायची. आता म्हातारीही रोजावर असते. तेव्हा जे करायचे ते गार खाता येईल असे, दुपारपर्यंत न विटणारे आणि अंगाला लागणारे हवे.

बांधावर बसलेल्या एखाद्या बाईला विचारले, “मावशी, काय आणलंय आज?” तर उत्तर ठरलेले असते. “काय असणार साहेब? भाकर अन् ठेचा.”

भाकरीला मी कधीच नावे ठेवणार नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी हे गार खाण्यासाठी याहून चांगले काय असेल ते मला माहीत नाही. पावाचा तुकडा दुपारी चामड्यासारखा होतो, मैद्याच्या बिस्किटाने तासाभरात पुन्हा भूक लागते. भाकरी पोटाला धरून राहते. उणे पडते ते तिच्या शेजारचे कोरड्यास. नुसत्या ठेच्याने चव येते, तिखट लागते म्हणून पाणी जास्त प्यायले जाते, पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगात काही जात नाही.

थोडा हिशेब मांडतो. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे दहा ग्रॅम. तेवढ्याच बेसनात वीसच्या वर, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. शिवाय तृणधान्यातल्या प्रथिनात एक घटक कमी असतो, लायसिन नावाचा, आणि नेमका तोच डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून भाकरी एकटी खाल्ली तर तिच्यातली प्रथिनेही शरीराला पुरती कामी येत नाहीत. बरोबर हरभरा, मूग, मटकी किंवा तूर असली की दोघांचे मिळून काम होते. मिश्रखत एकेरी खतापेक्षा चांगले का, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. दोघींत एक, त्याहूनही थोडे अधिक. वाफ्यात वाकून रोपे लावताना उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, चार पावले चालले की धाप लागते, तळहात पांढुरके दिसतात, हे पुष्कळदा उन्हाचे नसते, रक्ताचे असते. आपल्या बायका ते उन्हावर ढकलतात आणि मिशेरी लावून किंवा चहा पिऊन पुन्हा वाफ्यात उतरतात. मिशेरीने भूक मरते, रक्त वाढत नाही. असे होत असेल तर आरोग्य उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे, लोहाच्या गोळ्या तिथे मिळतात. शिदोरी हा गोळीला पर्याय नव्हे. पण शिदोरी सुधारली नाही तर गोळ्या संपल्यावर पुन्हा तेच होते.

आता पिकाचेच उदाहरण. धनशक्ती हा बाजरीचा वाण आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने मिळून काढला आणि २०१२ साली तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या दाण्यात किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. नेहमीच्या वाणांत ४५ ते ५० असते. हा सरळ वाण आहे, संकरित नव्हे, म्हणजे घरचे बी राखता येते. खरिपात घरखाण्यापुरते दहा-वीस गुंठे धनशक्तीचे करायला काय हरकत आहे? विकायच्या उसाला आपण दहा जणांचा सल्ला घेतो, खायच्या बाजरीला मात्र मिळेल ते बी टाकतो.

बाजरीचे पीठ फार दिवस ठेवू नका. तिच्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते आणि भाकरी गार झाली की तो कडूपणा जास्तच जाणवतो. दळण थोडे थोडे आणावे. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते आणि दुपारी तिचा पापड होतो. अशा वेळी पीठ उकळत्या पाण्यात उकडून घ्या, मळा आणि मग थापा. ही भाकरी गार झाली तरी मऊ राहते. ज्या घरांत म्हातारी माणसे आहेत तिथे ही युक्ती ठाऊक असतेच, फक्त घाईच्या सकाळी ती बाजूला पडते.

आता कोरड्यासाकडे येऊ. पातळ कालवण रानात न्यायचेच नाही, हा पहिला नियम धरा. सांडते, आंबते, आणि गार खायला नकोसे लागते. जितके कोरडे तितके टिकाऊ. अन्न नासवणाऱ्या जंतूंना ओल लागते, उबारा लागतो आणि वेळ लागतो. उबारा आणि वेळ रानात आपल्या हातात नाही. ओल मात्र हातात आहे.

झुणका घ्या. पिठले नव्हे, झुणका. कढईत तेल थोडे सढळ, मोहरी, लसूण, मिरची, त्यात बेसन कोरडेच चांगले भाजायचे आणि वरून पाण्याचा हबका मारून वाफ आणायची. शेवटी झाकण काढून दोन मिनिटे परतायचे म्हणजे दाणेदार मोकळा होतो. हिवाळ्यात त्यात मेथी किंवा कांद्याची पात घालावी, मात्र पाणी पूर्ण आटू द्यावे. दोन भाकऱ्यांना मूठभर झुणका पुरतो, आणि ती मूठ ठेच्याच्या गोळ्यापेक्षा कितीतरी कामाची.

मटकी, मूग किंवा हरभरा आदल्या सकाळी भिजत घातला तर दुसऱ्या सकाळी मोड आलेला मिळतो. त्याची सुकी उसळ करावी. दाणा शिजलेला पण अखंड, आणि कढईच्या तळाला पाण्याचा थेंब नाही, इतकी सुकी. ओले खोबरे, टोमॅटो, जास्तीचा कांदा घालू नये, त्यांनी ती लवकर विटते. कार्तिकापासून माघापर्यंत ही उसळ दुपारी एकपर्यंत चांगली राहते. चैत्र-वैशाखात तिच्या नादी लागू नका. तेव्हा भाजलेले हरभरे, म्हणजे आपले फुटाणे, आणि गूळ बांधून घ्या.

उन्हाळा-पावसाळा दोन्हींत भरवशाची म्हणजे कोरडी चटणी. दोन वाट्या शेंगदाणे, अर्धी वाटी जवस, पाव वाटी तीळ वेगवेगळे मंद आचेवर भाजा. वाळलेली लाल मिरची आणि लसणाच्या दहा-पंधरा पाकळ्या थोड्या तेलात कोरड्या होईतो परता. सगळे गार झाल्यावर मीठ घालून कुटा. गरम असताना कुटले तर तेल सुटून गोळा होतो. बरणी कोरडी, चमचा कोरडा असला तर ही चटणी पंधरवडा सहज राहते. कारळे पिकवत असाल तर जवसाऐवजी कारळे घाला. रविवारी एकदा कुटली की आठवड्याच्या सकाळी तेवढे काम कमी, आणि घाईच्या दिवशी नुसती भाकरी-चटणी नेली तरी भाकरीच्या जोडीला दाणे गेले. वरून कच्च्या तेलाची धार घरीच घालून न्यावी.

शेंगदाणे निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. आपल्या काही घरांत चांगला दाणा विकायला जातो आणि सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला घरात राहतो. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर घाला घालते, आणि भाजल्याने किंवा शिजवल्याने पुरते नाहीसे होत नाही. असला दाणा चटणीत नको, जनावरांच्या आंबोणातही नको, कारण गाईने खाल्ला तर त्याचा अंश दुधात उतरतो.

धपाटे आणि दशम्या यांना आपण प्रवासाला निघतानाच का आठवतो कोण जाणे! दोन वाट्या बाजरीचे पीठ, एक वाटी ज्वारीचे, अर्धी वाटी बेसन, मूठभर तीळ, चिरलेली मेथी, लसूण-मिरची-मीठ. तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. सकाळचे धपाटे संध्याकाळपर्यंत चांगले राहतात, आणि भाजी वेगळी बांधावी लागत नाही, कारण ती आतच असते. दुधात पीठ मळून केलेली गुळाची दशमीही अशीच. लहान पोर बरोबर असेल तर तिची पिशवीत एक असावीच.

ज्यांना चालते त्यांनी अंडी उकडून न्यावीत, पण थंडीच्या दिवसांत, आणि कवच न फोडता. सोलायचे ते बांधावर.

जुन्या माणसांना १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आठवत असेल. खडी फोडायच्या आणि तलावाच्या कामांवर ती मिळे. माझ्या पिढीने ती ऐकूनच माहीत करून घेतली. धान्याचे पीठ आणि गूळ यांचा तो गोड भुगा. दुष्काळाची आठवण म्हणून पुष्कळांना तिचे नाव नको वाटते. पण कल्पना उत्तम होती. तापवायला नको, सांडत नाही, मूठभर खाऊन वर पाणी प्यायले की दोन तास काम होते. बाजरीचे किंवा गव्हाचे पीठ थोड्या तेल-तुपात खमंग भाजून त्यात फुटाण्यांचे पीठ, शेंगदाण्याचे कूट आणि किसलेला गूळ मिसळून लाडू वळा. दहा-बारा दिवस टिकतात. सकाळी दहाच्या चहाबरोबर बिस्किटाचा पुडा फोडण्याऐवजी हा एक लाडू खाऊन बघा.

चहावरून आठवले. जेवणाच्या मागोमाग चहा नको. चहातील तुरट द्रव्य अन्नातले लोह धरून ठेवते आणि ते अंगी लागत नाही. तासाभराने प्यावा. उलट लिंबू, आवळा, पेरू असे आंबट-तुरट काही जेवणात असेल तर तेच लोह चांगले शोषले जाते. आणि लिंबू फुकट मिळते हो! बांधावर एखादे झाड असतेच, शेजाऱ्याच्या असले तरी एका लिंबाला कोणी नाही म्हणत नाही. झुणक्यावर अर्धे लिंबू पिळा. कांदा घरून चिरून नेऊ नका, अख्खा न्या आणि बुक्कीने फोडा.

भात शिदोरीत नसावा असे माझे स्पष्ट मत आहे. तांदळातल्या एका जातीच्या जंतूची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात ओलसर, कोमट राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर भात कितीही तापवला तरी जात नाही. ‘गरम करून खाल्ला असता तर बाधला नसता’ ही समजूत भाताच्या बाबतीत खोटी आहे. मसालेभात, खिचडी यांनाही हेच लागू.

बांधण्याची रीतही महत्त्वाची. वाफाळती भाकरी तशीच डब्यात कोंबली की झाकणाला पाणी सुटते आणि तेच पाणी अन्नात उतरते. भाकरी टोपल्यात उभी करून वाफ जाऊ द्या, मग स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्यात बांधा. भाजीही ताटात पसरून निववा आणि मगच डब्यात भरा. डबा स्टीलचा बरा. चिंच, लिंबू, ताक असले आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात नकोत. वर्तमानपत्राची शाई भाकरीला लागते, तेव्हा तो कागदही नको. रानात गेल्यावर शिदोरी ट्रॅक्टरच्या पत्र्यावर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. लिंबाच्या फांदीला सावलीत टांगा, डब्याभोवती ओले फडके गुंडाळा. माठ जसा गार राहतो तसा डबाही गार राहतो. उघडल्यावर आंबूस वास आला, बोटाला तार सुटली, तर जनावरापुढेही न टाकता पुरून टाका.

फवारणीच्या दिवशी तर फारच सांभाळायला हवे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण वाचले आहे. फवारणी चालू असलेल्या रानाच्या वाऱ्याखाली शिदोरी टांगलेली मी अनेकदा पाहतो. हात नुसते पाटात बुचकळायचे आणि भाकरी मोडायची. असे करू नका. शिदोरी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब ठेवा. साबणाने हात-तोंड धुवा, अंगावरचा सदरा बदला आणि मगच घास घ्या. मध्ये तंबाखूही मळायची नाही. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचा नाही.

ज्यांच्या रानात दुसरे लोक कामाला येतात अशा शेतकऱ्यांशी दोन शब्द. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोपीतली बाई पहाटे तीनला उठून भाकरी करते, फडात मोळ्या बांधते, गाडी भरू लागते, आणि अंधारात परत येऊन पुन्हा चुलीपुढे बसते. सकाळच्या भाकरीवर तिचे सगळे पोर दिवस काढते. तिच्या शिदोरीत काय असावे हे सांगायला मला संकोच वाटतो, कारण तिच्याकडे भिजवायला कडधान्यही असेलच असे नाही. पण तुमचा ऊस तुटतो आहे त्या दिवशी पिण्याचे स्वच्छ पाणी, हात धुवायला साबणाची वडी आणि जेवायला बसायला सावली एवढे तुम्ही देऊ शकता. घरचे पायलीभर हरभरे किंवा शेंगा टोळीला दिल्या तर आणखी चांगले. ऊस कारखान्यावर वेळेत जावा म्हणून मुकादमाला आपण किती वेळा चहा पाजतो, ते आठवून बघा.

आणि घरोघरच्या कारभाऱ्यांना एक प्रश्न. शिदोरी बांधली जाते तेव्हा कोणासाठी किती जाते ते कधी पाहिले आहे का? गड्याच्या डब्यात झुणका, पोराच्या डब्यात झुणका, आणि बांधणारीच्या फडक्यात दीड भाकरी आणि कढई पुसून निघाले ते. तिला विचाराल तर म्हणेल, “मला आवडतच नाही.” ते खरे मानू नका. वाफ्यात ती तुमच्याइतकीच वाकते. शिवाय गरोदर असेल, अंगावर दूध पाजत असेल, तर तिची गरज तुमच्याहून जास्त. एक सोपा उपाय करा. आदल्या रात्री जेवणे झाली की उद्या कोरड्यास काय, ते घरात सगळ्यांसमोर ठरवा, कडधान्य भिजत घाला, आणि सकाळी डबे ओळीने मांडून आधी तिचा डबा भरा. सासूबाईंनी स्वतः भरला तर कोणाची काही बोलायची सोय राहत नाही. पाचला उठणाऱ्या बाईला लसूण सोलून देणारा एखादा हात मिळाला, तोही पुरुषाचा, तर झुणका दहा मिनिटे आधी होतो.

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटे अळी पाहू. पीक कळीवर येण्याआधी कामगंध सापळे लावून ठेवा, हेक्टरी पाच, आणि रोज सकाळी किती पतंग सापडले ते वहीत लिहा.